रस्त्यापल्याडचं तोंड

मेंढरं रस्त्यापार न्यायची असली की पुढं चालणाऱ्यानं मागं वळून बघायचं न्हाई. आमच्यात हे कुणी कुणाला शिकवत न्हाई, लेकरू पायानं चालायला लागलं की त्याला आपोआप कळतं. त्याचं असं हाय, मेंढराला सोताचं डोकं नसतं. ते पुढच्याच्या शेपटाकडं बघून चालतं. सगळ्यांच्या पुढं असती एक शेळी, अन् शेळीच्या पुढं असतं माणूस. माणूस पाठ दाखवून चालत राहिलं तर शेळी चालती. माणसानं मान वळवली की शेळीला वाटतं आपल्याला थांब म्हणलं. ती थांबली की अख्खा कळप थांबतो, जिथं असंल तिथं. रानात थांबला तर कुणाचं काय जातं? पण रस्त्याच्या मधोमध थांबला तर ट्रकवाला काय मेंढराला हार घालणार हाय का?

आमच्या कळपाच्या पुढं मी चालायचे. बाकीच्यांच्या घरी हे काम गड्यांचं. आमच्यात ते माझ्याकडं आलं कारण शेळी माझी होती. कबरी. तिची माय तिला जन्म देऊन मेली, तवा मी तिला बाटलीनं दूध पाजलं, थंडीत माझ्या पदराखाली घेतलं. तिला माझी पाठ ठावं होती. सासरे, त्यांना आमी मामा म्हणतो, काठी घेऊन कळपाच्या मागं असायचे. माझा नवरा अन् धाकटा दीर रस्त्याच्या दोन्ही अंगाला उभं राहून उपरणं हलवत गाड्या थांबवायचे. अन् मधून मी, माझ्या मागं कबरी, तिच्या मागं सगळं लटांबर. पाटलीणबाई बी अशी चालत नसंल गावातून, तशी मी चालायचे. खोटं काहून बोलू?

दिवाळी झाली की आमी औंढ्याच्या डोंगराकडून खाली हट्ट्याकडच्या काळ्या रानात उतरतो. मेंढरं रात्री ज्या वावरात बसतात तिथं लेंड्यांचं खत पडतं, म्हणून शेतकरी आपणहून बोलावून नेतात. आज याचं वावर, परवा त्याचं. मिरग लागायच्या आत परत डोंगराकडं. जाताना अन् येताना मधी तो मोठा रस्ता लागतो, अन् वावर बदलताना बी कधी कधी लागतो.

तो रस्ता रुंद केला त्या सालची गोष्ट. परत निघालो होतो. मी जवळपास पलीकडं पोचले होते, कबरीचे पुढचे पाय मातीत लागले होते. एक टँकर थांबला न्हाई. माझ्या नवऱ्यानं उपरणं हलवलं, बोंब मारली, तरी थांबला न्हाई. मला मागून आवाज आला. मी वळले न्हाई, कारण वळायचं नसतं. मधली मेंढरं अजून डांबरावर होती, मी वळले असते तर ती बी गेली असती. पार मातीत जाऊन उभी राहिले अन् मंग बघितलं. काय बघितलं ते सांगत न्हाई.

मला कुणी बोल लावला न्हाई. उलट मामा म्हणले, "पोरी, तू वळली न्हाईस म्हणून बाकीची वाचली." पण तो आवाज माझ्या मानंत जाऊन बसला. पुढच्या खेपेला डांबरावर पाय ठेवला अन् मान आपोआप मागं गेली. मी वळवली न्हाई, तीच वळली. कबरी थांबली. दोन्हीकडून हारन वाजून राहिले, मेंढरं बावचळली, नवऱ्यानं पळत येऊन कबरीला कानाला धरून ओढत नेलं. त्याच्या पुढच्या खेपेला बी तेच झालं. ठरवून निघाले होते की मान तुटली तरी वळायची न्हाई. तरी वळली. मंग मामा हळू आवाजात म्हणले, "तू आता बिऱ्हाडासंगं टेम्पोत बस." टेम्पोत भांडी असतात, कोंबड्या असतात, चालता न येणारी कोकरं असतात. त्यांच्यात मी जाऊन बसले.

अन् त्याच साली धाकट्या दिराचं लगीन झालं.

माझी जाऊ डोंगरकडा गावाकडची. अंगानं काडी, बोलणं कमी, हसणं जास्ती. हसताना तोंडावर पदर धरायची. मला पहिल्याच दिवशी वाटलं, ही काय रानात टिकती? आमच्यात आज इथं उद्या तिथं, अन् ही बाई उतरल्या उतरल्या चुलीम्होरची जागा शेणानं सारवायला बसायची. मी म्हणलं, "अगं, उद्या उठायचं हाय इथून. कुणासाठी सारवून राहिली?" ती म्हणली, "आजच्या पुरतं, आक्का." अन् हसली. मी मनात म्हणलं, नव्याचे नऊ दिवस, मंग बघू.

नऊ दिवस झाले, नऊ महिने झाले, बाई थकंना. उलट मामांनी तिला सांगितलं, "कबरीला लळा लाव. कुणीतरी पुढं चाललं पायजे." तिनं रोज बाभळीच्या शेंगा ओट्यात भरून आणल्या. कबरीला शेंगा म्हंजे जीव की प्राण. पहिले काही दिवस कबरी शेंगा खाऊन माझ्याकडं परत यायची. मंग उशिरा यायला लागली. मंग यायचीच न्हाई. रात्री जाऊच्या पायथ्याला बसायची, अन् मी हाक मारली तर नुसते कान हलवायची. मी जिला पदराखाली वाढवलं ती शेळी शेंगांना भुलली. माणसाचं सोडा, शेळी बी इमान ठेवत न्हाई.

पहिल्यांदा जावेनं मेंढरं रस्त्यापार नेली तवा मी टेम्पोतून बघत होते. कोंबड्यांच्या पाटीवर हात ठेवून. ती पदर खोचून अशी निघाली जशी पाणी आणायला निघाली. कबरी तिच्या मागं, कळप कबरीच्या मागं. मान कुठं वळती? तिची मान म्हंजे खांबाला ठोकलेला खिळा. दोन बस अन् एक ट्रक थांबून राहिले अन् ही बाई चालत गेली. पलीकडं मामा म्हणले, "बराबर." मामांच्या तोंडातून 'बराबर' निघणं म्हंजे दुसऱ्याच्या तोंडातून सत्कार निघणं. मला आधी ते म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी टेम्पोतून उतरले अन् उगीच कोकराला धपाटा घातला.

तेव्हापासून माझं एकच काम झालं. दिवसभर तिच्याकडं बघायचं अन् जळायचं. तिनं भाकर थापली तर मला वाटायचं, एवढी गोल काहून थापती, कुणाला दाखवायचं हाय? ती आजारी पडली तर मला बरं वाटायचं, अन् दोन दिवसांत बरी झाली की मी आजारी पडायचे. नवरा म्हणायचा, "तुला काय तकलीफ हाय? काम हलकं झालं तुझं." काम हलकं झालं म्हणे. ज्याचं जळतं त्याला कळतं, उपरणं हलवणाऱ्याला काय कळणार?

एकदा हट्ट्याजवळच्या एका वावरात मेंढरं चरत होती. त्या दिवशी चारायला मी होते, कबरी माझ्याजवळ होती. जाऊ विहिरीकडून समोरून आली, ओट्यात शेंगा घेऊन. दोन वावरं लांब असंल. तिचं तोंड दिसलं मात्र, कबरी उधळली. कबरी पळाली म्हणून सगळी मेंढरं पळाली, दुसऱ्याच्या हरभऱ्यातून, थेट तिच्यापर्यंत. वावरवाला आला अन् आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शिव्या कुणाला बसल्या? मला. "शेळी सांभाळता येईना तुला," नवरा म्हणला. अन् जाऊ? तोंडाला पदर लावून उभी. हसून राहिली होती. ते हसणं मी गाठीला बांधून ठेवलं.

त्या उन्हाळ्यात मामांनी वाटणीचा विषय काढला. दोन भाऊ, दोन चुली, थोडीशी जमीन अन् एक कळप. कळप फोडला तर दोघांचं बी भागत न्हाई. म्हणून एकानं गावात राहून जमीन बघायची, एकानं मेंढरं घेऊन हिंडायचं. मामा म्हणले, "माझे पाय आता चालत न्हाईत. जिला मेंढरं रस्त्यापार नेता येतात तिच्या घरी मेंढरं. रस्ता काय आपल्यासाठी परत अरुंद होणार न्हाई. घरला जाताना मोठा रस्ता पार झाला की मी सांगीन."

म्हंजे सांगून झालंच होतं. मला गावात घालणार होते. चार भिंतींच्या आत, सकाळी उठून तोच नळ, तीच गल्ली, त्याच बायका अन् त्यांच्या त्याच चौकशा. मी लगीन होऊन आले त्या रात्रीपासून मेंढरांच्या मधी झोपलेली बाई. मेंढरं रवंथ करतात त्या आवाजाशिवाय मला झोप लागत न्हाई. तो आवाज माझ्या जावेला मिळणार, अन् मला पंख्याचा. मी मामांना म्हणले, "अजून दिवस हाईत."

माझी लेक औंढ्याला वसतिगृहात राहून शिकती. तिचा फोन आला की मी इकडचं तिकडचं बोलते, पण त्या दिवशी माझं तोंड उघडलं अन् सगळंच बाहेर पडलं. मान, रस्ता, वाटणी. लेक म्हणली, "आई, मला बी गणिताच्या पेपरचं लई भ्या वाटायचं. आमच्या मॅडमनी सांगितलं, भ्या वाटलं की डोळे मिटायचे अन् जे पायजे ते झालंय असं बघायचं. पेपर न्हाई बघायचा, पेपरच्या पुढचं बघायचं."

"डोळे मिटून रस्ता पार करू व्हय? तुझ्या मॅडमला मेंढरं ठावं हाईत का?"

"रस्त्यावर न्हाई गं. आधी. रोज. मी रोज बघते, पेपर झालाय, मी बाहेर आलेय, अन् तू शाळेच्या गेटावर उभी हाईस."

"मी कुठं येते गेटावर? मी तर मेंढरामागं असते."

"म्हणून तर बघते," लेक म्हणली.

फोन ठेवल्यावर मी मेंढरं हाकायला उठले. मंग मला तिच्या मॅडमचा राग आला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण दुपारी मेंढरं सावलीला बसली तवा कुणी बघत न्हाई असं पाहून मी डोळे मिटले. मला काय पायजे? मेंढरं पलीकडं गेलेली पायजेत. बघितलं तर मेंढरं रस्त्यावरच. पलीकडं न्यायला गेले की तो आवाज यायचा अन् डोळे उघडायचे. दुसऱ्या दिवशी हिरवं रान बघितलं, मेंढरं बसलेली, मामा 'बराबर' म्हणून राहिलेत. चित्र चांगलं होतं, पण माझं न्हवतं. देवळातल्या भिंतीवर रंगवलेलं असतं तसं. त्यात माझा जीव जाईना.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी भाकरी थापून राहिले होते अन् जाऊ समोर बसून कबरीच्या गळ्याखाली खाजवून राहिली होती. कबरीनं डोळे मिटले होते, सुखानं. माझं असं डोकं फिरलं की हातातला उंडा परातीत आपटला. अन् तेवढ्यात, डोळे उघडे असताना, मला दिसलं. ही बाई रस्त्याच्या पल्याड उभी हाय. कंबरेवर कळशी हाय. अन् मी येऊन राहिले, माझ्या मागं कबरी, कबरीच्या मागं सगळा कळप. तिचा पदर तोंडावरून खाली सरकलाय, अन् तोंड पडलंय. हसू गेलंय. असं पडलंय, असं पडलंय, की मला तव्यावरची भाकर जळाल्याचा वास येईपर्यंत कळलं न्हाई. अन् मंग माझ्या ध्यानात आलं, त्या सगळ्यात मी रस्ता पार केला होता. आवाज आला न्हाई. मान वळली न्हाई. मी तिच्या तोंडाकडं बघत चालत गेले होते.

मॅडम खोटं सांगत न्हवत्या. फक्त मला काय पायजे ते मलाच ठावं न्हवतं. मला रान नको होतं, 'बराबर' नको होतं. मला तिचं पडलेलं तोंड पायजे होतं. चांगल्या बायकांना चांगलं दिसत असंल, मला हे दिसलं. त्याला मी काय करू?

मंग मी मनातले मांडे भाजायला बसले अन् रोज भाजले. चालताना, धार काढताना, कोकराच्या पायातला काटा काढताना. तिचं तोंड पाडायचं अन् त्याच्याकडं चालायचं. मी त्यात बारकावे भरले. आधी भुवया वर जातील, मंग खालचा ओठ सुटंल, मंग ती दुसरीकडं बघंल अन् परत बघंल, कारण बघितल्याशिवाय राहवणार न्हाई. मला ठावं होतं कसं होतं ते. मी टेम्पोत बसून तेच केलं होतं. एकीकडं कबरीला मी बी शेंगा द्यायला लागले. ती खायची अन् निघून जायची, पण माझी पाठ ती इसरली न्हवती. एखाद्या सकाळी जाऊ नसली की येऊन माझ्या पाठीला शिंग घासायची.

मोठ्या रस्त्याला पोचलो त्या दिवशी ऊन असं होतं की डांबर मऊ पडलं होतं. टेम्पो भरला. जाऊ पदर खोचायला लागली तवा मी म्हणले, "आज मी नेते."

नवऱ्यानं खाली बघितलं. दीर म्हणला, "वहिनी, काहून उगीच..." मामांनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"नेशील?"

"नेते."

"मधी वळलीस तर?"

"तर मला बी पुरा तिथंच."

मामा जावेकडं बघायला लागले. ती म्हणली, "न्या की, आक्का." एवढंच. अन् पदर सोडून टेम्पोत चढली, जशी काही याचीच वाट बघत होती. मला त्याचा बी राग आला. निदान थोडं तरी भांडायचं. टेम्पो पार होऊन पलीकडं बाभळीखाली जाऊन थांबला.

नवरा अन् दीर उपरणं घेऊन दोन्हीकडं गेले. एक एस.टी. थांबली, तिच्या मागं गाड्या लागल्या. मी कबरीला हाक दिली अन् डांबरावर पाय ठेवला. तळपाय भाजला. मानंत तो आवाज जागा झाला, जसा रोज व्हायचा. मी समोर बघितलं. समोर तिचं तोंड पायजे होतं.

समोर तिची पाठ होती.

ती बाभळीखाली उकिडवी बसली होती, माझ्याकडं पाठ करून, चुलीचे दगड मांडून राहिली होती. अन् डोक्यावरून घोंगडं घेतलं होतं. त्या उन्हात, घोंगडं. नाजूक बाई, ऊन लागतं म्हणे. मला एवढा संताप आला की मी काय सांगू. मी इथं जीव मुठीत घेऊन चालून राहिले अन् ही दगड मांडती? वळ, मी मनात म्हणले. वळ गं बये, बघ. एकदा बघ. कुणीतरी हारन दाबला. माझी मान मागं जायला निघाली अन् मी तिला समोरच धरून ठेवलं, कारण तेवढ्यात जाऊ वळली तर? मी मागं बघत असताना तिनं बघितलं तर माझं सगळं वाया जाईल. म्हणून मी तिच्या घोंगड्यावर तिचं तोंड मांडलं. भुवया वर, ओठ खाली. मी सोता मांडलं अन् त्याच्याकडं चालत गेले. पायाखाली डांबर संपलं, माती आली. मी चालतच राहिले, शेवटचं मेंढरू मातीत येईपर्यंत, मामांची काठी ऐकू येईपर्यंत.

मामा मागून आले अन् म्हणले, "बराबर."

मी ऐकलं, पण कान तिकडं न्हवता. मी तरातरा बाभळीखाली गेले. तिनं घोंगडं काढलं होतं. तोंड घामानं भिजलं होतं, केस कपाळाला चिकटले होते. मी म्हणले, "बघितलं?"

"काय, आक्का?"

"काय काय? मी मेंढरं आणली ते."

"चूल पेटवून राहिले होते," ती म्हणली अन् तोंडावर पदर धरला.

मला रडायला आलं. रागानं. मेंढरं माझी झाली होती, रस्ता माझा झाला होता, अन् मला जे पायजे होतं तेवढंच मिळालं न्हवतं. त्या रात्री मेंढरांच्या मधी झोपले तरी झोप लागली न्हाई.

मामा शब्दाला जागले. दीर अन् जाऊ गावात राहिले, आमी मेंढरं घेऊन हिंडायला लागलो. नंतरच्या प्रत्येक खेपेला रस्ता लागला की मी पल्याड तिचं तोंड मांडायचे. भ्या कमी कमी होत गेलं, पण ते तोंड मांडल्याशिवाय मी डांबरावर पाय ठेवत न्हवते. बाकीच्या बायका देवाचं नाव घेतात.

यंदा मिरगाच्या आधी परत आलो तवा मी तिच्या घरी गेले. मला काम न्हवतं, मला सांगायचं होतं. चहा पिता पिता मी म्हणले, "यंदा रस्ता आणखी मोठा झालाय. मी नेली मेंढरं. त्या दिवशी बी नेली होती, तू बघितलं न्हाईस. चूल पेटवून राहिली होतीस न्हाई का."

ती पोराला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणली, "चूल कुठं, आक्का? लाकडं टेम्पोतच होती."

"मंग?"

"कबरीनं माझं तोंड बघितलं असतं तर ती तुमाला सोडून पळत आली असती. हरभऱ्यात आली होती तशी. सगळी मेंढरं गाड्यांखाली गेली असती. म्हणून घोंगडं घेतलं. आत जीव घाबरा होत होता माझा. बघावंसं तर लई वाटत होतं."

मी म्हणले, "एवढं कळत होतं तर आधी सांगायचं होतंस. टेम्पो लांब न्यायचा होता."

"सांगितलं असतं तर तुमी नेली असती का?"

न्हाई. नेली नसती. तिच्या मेहरबानीनं मी पाऊल बी टाकलं नसतं.

"अन् मेंढरं गेली ना तुझ्या हातातून," मी म्हणले. मला तिला कुठंतरी टोचायचंच होतं.

ती हसली, पण पदर न धरता. "मला मेंढरं कधी पायजे होती? तुमी टेम्पोत बसलात म्हणून मामांनी मला पुढं घातलं. मला तर लगीन झाल्यापासून एकच दिसायचं. दार असंल, दाराला कडी असंल, सारवलेलं उद्या बी तिथंच असंल." असं म्हणून तिनं दाराकडं बघितलं. दाराला कडी होती. नवी, पितळंची. अंगण सारवलेलं होतं, अन् ते कालचं होतं, अन् परवा बी राहणार होतं.

म्हंजे मी तिचं पडलेलं तोंड बघत होते तवा ती घोंगड्याआड ही कडी बघत होती. मी जिंकावं म्हणून माझ्यापेक्षा जास्ती तिनंच जीव टांगणीला लावला होता. माझा रस्ता तिनं पाठ फिरवून मला दिला अन् मी इतकी सालं तिच्या नावानं जळून राहिले. चांगली बाई असती तर तिला मिठी मारली असती. मला काय वाटलं सांगू? मला त्या कडीचा हेवा वाटला. किती चकाचक होती. अन् त्याहून जास्ती याचा, की त्या दिवशीचं जिंकणं बी शेवटी तिचंच निघालं.

मी उठले. ती म्हणली, "आक्का, कबरीला शेंगा देता ना?" मी म्हणले, "देते," अन् निघाले.

त्यानंतर परवाच एकदा रस्ता पार करावा लागला, मेंढरांना गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरकडून सुया टोचून आणायच्या होत्या. नवरा उपरणं घेऊन उभा राहिला. मी डांबरावर पाय ठेवला अन् नेहमीसारखं पल्याड तिचं तोंड मांडायला गेले. येईना. भुवया वर नेल्या तर त्या खाली येत, ओठ सोडला तर तो हसायला लागे. शेवटी जे आलं ते आलं. भर उन्हात डोक्यावरून घोंगडं घेऊन उकिडवी बसलेली एक बाई, घामानं निथळणारी, वळायचं न्हाई म्हणून दातावर दात धरून बसलेली. मागून हारन वाजला. मी त्या पाठीकडं बघत चालत राहिले. जळतं माझं अजून बी, लई जळतं. पण तिनं मान वळवली न्हाई, मंग मी कशी वळवू?